दुसरं कोष्टक

गाडी घेतली की सोबत एक जाड पुस्तक मिळतं. ते डॅशबोर्डच्या कप्प्यात विम्याच्या कागदांखाली जातं आणि बहुतेकांच्या हाताला पुन्हा लागत नाही. त्यात देखभालीची दोन कोष्टकं असतात. पहिलं सगळ्यांना माहीत असतं, कारण सर्व्हिसिंगची तारीख त्यावरूनच ठरते: इतक्या किलोमीटरला ऑइल, इतक्याला एअर फिल्टर, इतक्याला प्लग. दुसरं त्याच्यामागे येतं. धुळीचे रस्ते, खडबडीत नाहीतर चिखलाचे रस्ते, थोड्या थोड्या अंतराच्या सततच्या फेऱ्या, अशा ठिकाणी गाडी चालत असेल तर तीच कामं किती आधी करायची ते त्यात दिलेलं असतं. धाराशिव जिल्ह्यात गाडी चालवणाऱ्यानं हे दुसरं कोष्टक पाठ करावं, असं माझं स्पष्ट मत आहे. गाडीची किरकोळ कामं मी स्वतः करायला लागलो ती याच कोष्टकामुळे. त्यात सांगितल्याइतक्या वेळा गॅरेजला जायचं म्हटलं तर अर्धे रविवार तिथेच जातील.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक आहे. धाराशिवहून कधी येडशीवरून, कधी तेरवरून ढोकीकडे जाणं-येणं असतं. सोलापूर-संभाजीनगर महामार्ग गुळगुळीत आहे, पण माझी शाळा काही महामार्गावर नाही. शेवटचे काही किलोमीटर मुरूम आणि काळी माती. पावसाळ्यात ती माती चाकाच्या कमानीत थापली जाते आणि वाळून विटेसारखी घट्ट होते. सोयाबीनची मळणी सुरू झाली की प्रश्न वेगळा. मळणी यंत्रं रस्त्याच्या कडेलाच लावलेली असतात. भुसा आणि बारीक धूळ दिवसभर हवेत तरंगते आणि त्यातूनच गाडी हवा ओढून घेते. त्या दिवसांत एअर फिल्टरचा डबा उघडून बघावा. माझ्या वॅगनआरला त्यासाठी पानासुद्धा लागत नाही, हातानं क्लिपा सोडायच्या. घड्या घातलेला तो पांढरा कागद मातकट झालेला दिसतो आणि घड्यांच्या तळाशी सोयाबीनचं कूस अडकलेलं असतं. असा फिल्टर हवेनं साफ करायचा तर हवा आतल्या बाजूनं बाहेर मारायची. बाहेरून मारली तर तीच धूळ कागदात खोल रुतते. फार भरला असेल तर सरळ बदलायचा. पेट्रोलचा खर्च वाढलाय म्हणून कुरकुरणाऱ्या कितीतरी जणांनी हा डबा कधी उघडलेलाही नसतो.

हे सगळं मला पुस्तकानं शिकवलं असं मात्र नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत माझ्याकडे गाडी नव्हती. येडशी-ढोकी रस्त्यावर काळी-पिवळी जीप चालायची, महिंद्रा कमांडर. तिचे ड्रायव्हर वयानं मोठे, आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. मामांच्या सीटखाली एक गोणपाट असायचं. त्यात पाने, पक्कड, डिसमिस, सायकलची जुनी ट्यूब, तांब्याची तार, एम-सील आणि अंगाच्या साबणाची एक वडी. साबण कशाला, ते एका संध्याकाळी कळलं. दगड लागून डिझेलच्या टाकीला बारीक चीर गेली होती. मामांनी साबण ओला करून त्या चिरेवर दाबून घासला आणि गळती थांबली. गाडी ढोकीपर्यंत पोचली आणि दुसऱ्या दिवशी टाकी रीतसर दुरुस्तीला गेली.

आणखी एकदा जीप चढावर आचके देत बंद पडली. मामा खाली उतरले आणि म्हणाले, "हवा धरलीय. घाबरायचं काम नाही, बसा निवांत." डिझेल फिल्टरच्या डोक्यावरचा छोटा बोल्ट त्यांनी दोन आटे सैल केला आणि हातपंपाची कळ दाबत राहिले. आधी नुसता फेस आला, मग फेसातून बुडबुडे, मग बुडबुडे विरळ होत होत डिझेलची सलग धार. धार लागली तसा बोल्ट आवळला, हात चिंध्यांना पुसले आणि स्टार्टर मारला. मी शेजारी उभा राहून बघत होतो. यंत्र बंद पडण्याला कारण असतं, ते कारण एका जागी असतं आणि ती जागा शोधता येते, हे मी विज्ञान शिकवतानासुद्धा इतकं स्वच्छ पाहिलं नव्हतं.

आपल्या भागातल्या माणसाला यंत्राचं वावडं नाही. विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर उघडून काँटॅक्टवरची काजळी पॉलिश पेपरनं काढणारा शेतकरी गावोगाव आहे. बोअरची मोटार वर काढायची तर पाइप, केबल, दोर यांचं सगळं गणित त्याच्या डोक्यात तयार असतं. फवारणीचा पंप, कडबा कुट्टी, ठिबकचे फिल्टर हे सगळं घरच्या घरी उघडलं जातं, बसवलं जातं. तोच माणूस अंगणात कार आली की बॉनेटपासून चार हात लांब उभा राहतो. "त्यात सगळं कॉम्प्युटर हाय, सर," असं मला सांगतात. कॉम्प्युटर आहे हे खरं, पण तो इंजिनात पेट्रोल किती सोडायचं ते ठरवतो. बॅटरीचे टर्मिनल, वायपरची रबरं, टायरमधली हवा, कूलंटची पातळी, बल्ब, फ्यूज ही कामं अजून हाताचीच आहेत.

शेतावरचं सगळंच गाडीत आणायचं नाही, हेही सांगायला हवं. किटकॅटची तार वारंवार उडते म्हणून तिथे जाड तार गुंडाळायची सवय आपल्याकडे सार्वत्रिक आहे. मोटार जळते ती त्यानंच. गाडीत तर हा प्रकार जिवावर बेततो. गाडीतला दहा अँपिअरचा फ्यूज उडाला की त्या जागी वीसचा घालणारे आणि चांदीचा कागद गुंडाळणारेही मी पाहिलेत. फ्यूज उडतो तो पुढची वायर वाचावी म्हणून. मोठा फ्यूज घातला की उडायचं काम वायरवर येतं, आणि वायर उडत नाही, पेटते. कारण शोधायचं आणि बदलायचा तर त्याच आकड्याचा फ्यूज. झाकणाच्या आतल्या बाजूला कुठला फ्यूज कशाचा, याचा तक्ता छापलेलाच असतो.

पाण्याचं आपल्याकडे वेगळंच दुखणं आहे. बोअरचं पाणी किती जड, हे उन्हाळ्यात कूलरची जाळी बघितली की समजतं. महिन्याभरात पांढरा थर चढतो आणि खरवडल्याशिवाय निघत नाही. रेडिएटरमध्ये तेच पाणी भरलं की तोच थर आतल्या बारीक नळ्यांत बसतो, आणि तिथे खरवडायला हात पोचत नाही. मग मे महिन्यात, पारा चाळिशीच्या वर असताना, बालाघाटच्या चढावर एसी लावून चार माणसं घेऊन जाताना काटा वर चढायला लागतो. म्हणून तयार कूलंट, आणि भर घालायची तर डिस्टिल्ड वॉटर. रेडिएटरचं झाकण गरम इंजिनावर कधीही उघडू नये. आत पाणी दाबाखाली असतं, झाकण सुटताच उकळून अंगावर येतं. भाजलेला हात घेऊन दवाखान्यात आलेली माणसं मी बघितली आहेत.

गाडी धुण्याचंही असंच. इथे पाण्याचे टँकर बघत मोठी झालेली माणसं आहेत. २०१६ मध्ये शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पाइप लावून गाडी धुणं मला जमत नाही आणि पटतही नाही. आधी मऊ ब्रशनं कोरडी धूळ झाडायची, मग एका बादलीत दोन फडकी, वरून खाली यायचं, चाकं शेवटी. चाकाच्या कमानीतली माती मात्र खुरप्याच्या मुठीनं ठोकून पाडायची आणि आतून पुसून घ्यायची. ओल धरून बसलेली ती माती पत्रा खाते.

बॅटरीचं काम करायला शेजारची मुलं हमखास जमतात, कारण त्यात फेस येतो. टर्मिनलवर पांढरट-हिरवट क्षार साचलेला असतो. त्यानं वीज अडते आणि सकाळी किल्ली फिरवली की नुसती टकटक ऐकू येते. लोक लगेच नवी बॅटरी घ्यायला धावतात. आधी काळी वायर काढायची, म्हणजे उणे टोकाची, नंतर लाल. लावताना उलट, काळी शेवटी. या क्रमाला कारण आहे. गाडीचा सगळा पत्रा उणे टोकाला जोडलेला असतो. लाल वायर सोडवताना पाना चुकून पत्र्याला टेकला आणि काळी तेव्हा जोडलेली असली, तर ठिणगी इतकी मोठी पडते की पाना चिकटतो. वायरी सुटल्या की कोमट पाण्यात खायचा सोडा घालून टोकांवर थोडा थोडा ओतायचा. तो फसफसतो, क्षार सुटतो. कोरडं करायचं, जुन्या टूथब्रशनं घासायचं, वायरी घट्ट आवळायच्या आणि वरून पेट्रोलियम जेलीचा पातळ हात. मग मल्टिमीटर लावायचा. गाडी रात्रभर उभी असताना साडेबाराच्या वर व्होल्ट दाखवले तर बॅटरी चांगली भरलेली. इंजिन चालू असताना साधारण पावणेचौदा ते साडेचौदाच्या आत दाखवले तर अल्टरनेटरही ठीक. दोन आकड्यांत दोन यंत्रांची तब्येत कळते, आणि मल्टिमीटर काही महागडी वस्तू नाही.

थंडीत रान रिकामं झालं की उंदीर घराकडे येतात आणि गाडीच्या गरम इंजिनाजवळ मुक्काम टाकतात. वायरीचं आवरण कुरतडलेलं, बॅटरीच्या बाजूला शेंगांची टरफलं. त्या दिवसांत रोज सकाळी बॉनेट उघडून एक नजर टाकायची. बाकीचे उपाय त्यानंतर.

टायरवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवतो, आणि शाळेतसुद्धा त्यावर बोलतो. माझ्या टायरवर १४५/८० आर १३ असं लिहिलेलं आहे. सातवीच्या वर्गाला शेकडेवारी शिकवताना मी गाडी पटांगणात आणून उभी केली. टायरची रुंदी १४५ मिलिमीटर. तिच्या ८० टक्के म्हणजे ११६ मिलिमीटर ही टायरच्या भिंतीची उंची. मधली रिम १३ इंच, म्हणजे सुमारे ३३० मिलिमीटर. भिंत वरून एकदा आणि खालून एकदा, म्हणून व्यास ५६२ मिलिमीटर. परीघ पावणेदोन मीटरच्या थोडा वर. मग एका किलोमीटरला चाक किती वेळा फिरतं? मुलांनी ५६६ काढलं. एका मुलीनं विचारलं, "सर, हवा कमी असली तर चाक लहान होतंय, मग जास्ती फिरतंय का?" पुस्तकातल्या कुठल्याही उदाहरणावर असा प्रश्न मला कधी आला नव्हता. त्याच टायरवर एका लंबगोलात चार आकडे असतात. ३५१९ असेल तर टायर २०१९ सालच्या पस्तिसाव्या आठवड्यात बनलेलं. नक्षी शाबूत दिसते म्हणून वर्षानुवर्षं तेच टायर वापरणाऱ्यांनी हे आकडे एकदा वाचावेत. आपल्या उन्हात रबर नक्षीच्या आधी म्हातारं होतं. स्टेपनीचं तर हमखास.

ट्यूबलेस टायरचं पंक्चर काढणं कुणालाही जमेल. चाकात खिळा दिसला तर लगेच उपसायचा नाही. तो स्वतःच भोक बुजवून बसलेला असतो, त्यावर सावकाश चालवत सावलीच्या, सपाट जागी यायचं. पक्कडीनं खिळा ओढताना तो कोणत्या कोनात शिरलाय ते बघून ठेवायचं, कारण पुढची हत्यारं त्याच कोनात घालायची असतात. आधी खरखरीत दांडी आत-बाहेर करून भोकाच्या कडा घासून घ्यायच्या. हाताला चांगलाच जोर लागतो, टायरच्या पोटात तारा असतात त्या जाणवतात. मग सुईच्या नेढ्यात चिकट रबरी वात ओवायची, तिला सोल्यूशन लावायचं आणि शरीराचा भार देऊन आत ढकलायची. दोन्ही टोकं बोटभर बाहेर राहिली की सुई एका झटक्यात उपसायची. सुई बाहेर येते, वात आत गाठ मारल्यासारखी अडकते. उरलेली टोकं कापायची, हवा भरायची, साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघायचं. टायरच्या बाजूच्या भिंतीला भोक पडलं असेल तर मात्र यातलं काहीही करू नये. ती भिंत सतत दुमडते, तिथे वात टिकत नाही.

माझ्या पत्नीला आणि मुलीला स्टेपनी बदलता येते. आमच्या घरी गाडी शिकण्याची सुरुवात तिथूनच झाली. गिअर नंतर.

ऑइल बदलणं हे घरच्या कामांतलं मोठं काम. इंजिन कोमट असताना सोडायचं, म्हणजे गाळ सोबत येतो. खालच्या बोल्टचं वायसर नवं घालायचं. नव्या फिल्टरच्या रबरी कड्याला बोटानं ऑइल लावायचं आणि फिल्टर हातानंच आवळायचा, पान्यानं नव्हे. ऑइलची जात पुस्तकात लिहिली असेल तीच. यात दोन गोष्टी माझ्या दृष्टीनं तडजोडीच्या नाहीत. पहिली, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरायचं नाही. जॅक चाक बदलण्यापुरता असतो. लोखंडी स्टँड हवेत, उतार नको, मागच्या चाकांना दगड हवेत. दुसरी, निघालेलं काळं ऑइल. ते मागायला लोक येतात, दाराच्या चौकटीला वाळवी लागू नये म्हणून लावतात. उरलेलं नालीत किंवा बांधावर ओततात. कायद्यानं हे तेल घातक कचऱ्यात मोडतं, २०१६ च्या नियमांत तसं आहे. आणि आपण बोअरचं पाणी पितो. मी ते कॅनमध्ये भरून, जिथून जुनं ऑइल गोळा करून नेतात त्या गॅरेजला देतो.

ब्रेक, स्टिअरिंग, एअरबॅगच्या पिवळ्या वायरी, एसीचा गॅस यांना मी हात लावत नाही. ब्रेकचं काम चुकलं तर ते आपल्यापुरतं राहत नाही, रस्त्यावरच्या सायकलवाल्या पोराला ते भोगावं लागतं. सुरुवातीला वाटायचं, घरी कामं केल्यानं माझा मिस्त्री नाराज होईल. झालं उलटंच. "सर, तुमची गाडी आली की रोग आधीच कळलेला असतो," असं तो म्हणतो. आवाज डाव्या चाकातून येतो, वळताना येतो, ब्रेक दाबला की थांबतो, एवढं सांगता आलं की त्याचं अर्धं काम होतं. तो आयटीआयचा दोन वर्षांचा मोटार मेकॅनिकचा कोर्स करून आलेला आहे आणि त्याच्या हाताला मान द्यायला मी याच कामांतून शिकलो.

सुधारणा म्हणाल तर मी थोड्याच केल्या. माझ्या मॉडेलात एसीच्या वाटेवर फिल्टरची जागा होती, फिल्टर नव्हता. पुढचा कप्पा उतरवून, प्लॅस्टिकची झडप कापून तो बसवला. मळणीच्या दिवसांत तो काढून बघितला की आपण आजवर काय श्वासात घेत होतो ते दिसतं. बाकी, बाजारात मिळतं ते सगळं लावायचं नसतं. काचांच्या काळ्या फिल्मवर सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये बंदी घातली. पुढच्या लोखंडी गार्डबद्दल केंद्रानं डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना कारवाई करायला सांगितलं. कंपनीच्या मूळ रचनेत परस्पर बदल करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये पुन्हा स्पष्ट केलं.

हेडलाइटच्या बाबतीत तर मी फारच आग्रही आहे. उजेड कमी पडतो म्हणून लोक साठ वॅटच्या जागी शंभर वॅटचा बल्ब घालतात. होल्डर वितळतो आणि समोरच्याचे डोळे दिपतात. बहुतेक वेळा दोष बल्बचा नसतोच. उन्हानं काच पिवळी पडलेली असते, आणि ती काच म्हणजे खरं तर प्लॅस्टिक. कडेनं चिकटपट्टी लावून, पाणी टाकत हजार, मग दोन हजार, मग तीन हजार नंबरच्या पॉलिश पेपरनं घासायचं. आधी ती दुधासारखी पांढरी होते आणि बघणाऱ्याला वाटतं आता गेली. पॉलिश लावून फडक्यानं घासत राहिलं की आतला बल्ब स्वच्छ दिसायला लागतो. वरून उन्हापासून जपणारा थर द्यायचा, नाहीतर काही महिन्यांत पुन्हा पिवळी.

हा उजेड मला हवा असतो तो नोव्हेंबरपासून पुढे, गाळप सुरू झालं की. ढोकीच्या पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या एकामागे एक जोडून चाललेल्या असतात. मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला, आणि ऊस दोन्ही बाजूंनी लोंबतो. समोरून ट्रकचा प्रकाश डोळ्यांवर आला की ट्रॉली रस्त्यातून नाहीशी होते. आमच्या शाळेतल्या एका पोराचा थोरला भाऊ अशाच एका ट्रॉलीवर मोटारसायकल आदळून गेला. त्यानंतर मी गाडीत लाल परावर्तक पट्टीची गुंडाळी ठेवायला लागलो. ट्रॉली पंपावर किंवा चहाला थांबलेली दिसली की विचारतो, "लावू का मागं, दादा?" आजवर कुणी नको म्हटलेलं नाही. पट्टीचा रंग मागे लाल, बाजूला पिवळा, पुढे पांढरा. फळीवरचा चिखल आणि ग्रीस आधी पुसून घ्यावं लागतं, नाहीतर दुसऱ्या दिवशी ती सुटते.

ज्यांच्याकडे ट्रॅक्टर आहे त्यांना माझी विनंती आहे की मोळी टाकायच्या आत हे काम उरकून घ्या. ज्यांच्याकडे कार आहे त्यांनी आज रात्री गाडीची पाठ घराच्या भिंतीकडे करून ब्रेक दाबावा आणि आरशात बघावं. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड पडला पाहिजे. एका बाजूला पडला नाही तर बल्ब गेलाय. तो बदलायला एक डिसमिस पुरतो, आणि ट्रॉलीच्या पट्टीला ओलं फडकं आणि कात्री.